एका चित्रावरून पेटलेलं शहर आणि २६ वर्षांचा मास्तर

ग्रुपवर एक चित्र येऊन पडतं. कुणी काढलं, कुठून आलं, काही पत्ता नाही. पण बघताक्षणी डोकं फिरतं. दहा मिनिटांत ते पाच ग्रुपवर जातं, संध्याकाळपर्यंत चौकात चर्चा आणि दुसऱ्या दिवशी बाजारपेठ बंद. तुम्हाला यात नवल वाटणार नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून दगडफेक झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर आपल्या बीडमध्ये जाळपोळ झाली. कारण वेगळं होतं, पण संचारबंदी आणि बंद पडलेलं इंटरनेट आपण सगळ्यांनी अनुभवलं.

आता या गोष्टीतून मोबाइल काढून टाका. वीज काढा, टीव्ही काढा. रेल्वेसुद्धा काढा, कारण ती यायला अजून दीड वर्ष आहे. उरतं काय? एक शहर, एक छापलेलं चित्र आणि एक भिंत. साल १८५१, महिना ऑक्टोबर, शहर मुंबई. तेवढ्यावर ती मुंबई पेटली होती.

आणि त्याच मुंबईत गणित शिकवणारा २६ वर्षांचा एक मास्तर होता. त्याचं नाव तुम्ही शाळेपासून पाठ केलंय: दादाभाई नौरोजी. एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्यांनी तर तीन वेळा काँग्रेसचे अध्यक्ष, संपत्तीचं वहन, भारताचे पितामह असे मुद्दे घोकून ठेवलेत. पांढरी दाढी, डोक्यावर पारशी टोपी असलेला त्यांचा फोटो डोळ्यांसमोर येतो. पण हे आजोबा कधीकाळी आपल्या वयाचे होते आणि तेव्हा त्यांच्या समाजावर दगड पडत होते, हे पुस्तकात कुणी सांगत नाही. म्हणून आज त्यांची गोष्ट तिथूनच सांगते.

फी माफ असलेला मुलगा

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ चा. २०२५ मध्ये त्याला २०० वर्षं पूर्ण झाली. घर पारशी पुरोहितांचं, मूळ नवसारीकडचं. पैशाची चणचण कायमची. दादाभाई चार वर्षांचे असताना वडील गेले. आई माणेकबाई. तिला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पोरानं शिकलंच पाहिजे यावर ती ठाम होती. त्या काळच्या रीतीप्रमाणे अकराव्या वर्षी त्यांचं लग्नही लावून दिलं. नवरी गुलबाई, वय वर्षं सात.

मुंबईत तेव्हा नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत फी लागत नव्हती. ती लागली असती तर दादाभाई नौरोजी नावाचा माणूस आपल्याला माहीतच झाला नसता. ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर लक्षात ठेवली. आपलं शिक्षण लोकांच्या पैशातून झालं, तेव्हा ते लोकांना परत करायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं. स्कॉलरशिपवर शिकणाऱ्या आपल्यातल्या अनेकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुढे ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये चमकले. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र, म्हणजे ६ जानेवारी १८३२ चं ‘दर्पण’, काढणारे बाळशास्त्री जांभेकर याच संस्थेत शिकवायचे. दादाभाईंची हुशारी बघून मुंबईचे न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी त्यांना विलायतेला पाठवून बॅरिस्टर करायचं ठरवलं. निम्मा खर्च ते स्वतः देणार, निम्मा पारशी समाजानं द्यायचा. पण समाजातले मोठे लोक बिचकले. १८३९ मध्ये दोन पारशी मुलं ख्रिस्ती झाल्यावर मोठा गदारोळ झाला होता. हाही विलायतेला जाऊन धर्म सोडून आला तर? झालं, पैसे मिळाले नाहीत. दादाभाईंचं लंडन तेव्हा हुकलं.

हा प्रसंग ध्यानात ठेवा. समाज घाबरला की आपल्याच हुशार पोराचे पाय कसे बांधतो, हे त्यांनी विशीतच बघितलं.

मग ते एल्फिन्स्टनमध्येच शिकवायला लागले. गणित आणि निसर्गविज्ञान हे त्यांचे विषय. इंग्रज प्राध्यापकांच्या त्या संस्थेत काही वर्षांत ते स्वतः प्राध्यापक झाले. नोकरीसोबत इतर उद्योगही चालूच होते. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या मंडळींनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली आणि दुसऱ्याच वर्षी मुलींच्या शाळा सुरू केल्या. हे तरुण मास्तर घरोघर जाऊन पोरींना शिकवायला पाठवा म्हणून विनवण्या करायचे आणि पगार न घेता शिकवायचे. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले हेच काम करत होते, तीच ही वर्षं.

परक्या गावातली आपली भाषा

आता थोडं त्या मुंबईबद्दल. पाच लाखांच्या वर लोकवस्तीचं हे शहर. त्यात कोकणातून, घाटावरून, गुजरातेतून, कच्छ-काठेवाडातून आलेली माणसं. पारशी सुरत, नवसारी, भरूच या भागांतून येऊन इथे स्थिरावले होते. त्यांची बोलायची भाषा गुजराती. गावाकडून परक्या मुलखात आलेल्या माणसाला आपल्या भाषेतला कागद किती जवळचा वाटतो, हे बीड जिल्ह्याला सांगायची गरज आहे का? दर वर्षी आपल्याकडून लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. तिकडच्या थळावर गावाकडचा कुणी भेटला आणि आपल्या बोलीत बोलला की काय होतं, ते त्यांच्या घरातल्या पोरांना विचारा.

मुंबईतलं गुजराती वृत्तपत्र हे असंच जन्माला आलं. फर्दुनजी मर्झबान यांनी १ जुलै १८२२ रोजी ‘मुंबई समाचार’ सुरू केलं. ते आजही निघतं. त्यानंतर आणखी गुजराती पत्रं आली, त्यातली बहुतेक पारशांची. जहाज कधी आलं, कापसाचा भाव काय, कोणाच्या घरी काय झालं, सगळं त्यात यायचं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. मुंबईतले बोहरा, खोजा, मेमन हे मुसलमान समाजही गुजरात आणि कच्छकडचेच. गुजराती अक्षर ओळखणारे त्यांच्यातही खूप होते. म्हणजे पारशानं पारशांसाठी काढलेलं पत्र फक्त पारशाच्या घरात राहील, याची काही हमी नव्हती. आजच्या भाषेत सांगायचं तर ग्रुप प्रायव्हेट नव्हता.

चित्र, भिंत आणि शुक्रवार

‘चित्रज्ञान दर्पण’ नावाचं एक गुजराती पत्र होतं. संपादक पारशी. नावातच चित्र आहे. इतिहासातल्या मोठ्या माणसांची चरित्रं आणि त्यांची चित्रं छापणं ही त्याची खासियत. तेव्हा शिळाछाप आला होता. दगडावर तेलकट शाईनं लिहायचं किंवा चित्र काढायचं आणि त्यावरून कागद छापायचे. महागडे ठसे लागत नसल्यामुळे चित्र छापणं एकदम सोपं आणि स्वस्त झालं होतं. नवं तंत्रज्ञान हातात आलं की आधी ते वापरायची घाई होते, परिणामांचा विचार नंतर. हे तेव्हाही तसंच होतं.

१८५१ च्या ऑक्टोबरमध्ये या पत्रानं पैगंबर मुहंमद यांचं चरित्र छापलं आणि सोबत त्यांचं चित्रही. इस्लाममध्ये पैगंबरांचं चित्र काढणं मानत नाहीत. ते बहुसंख्य मुसलमानांना पटणारच नव्हतं. त्यात छपाईत चेहऱ्यावरचा एक डोळा बिघडला. बघणाऱ्याला ती मुद्दाम केलेली विटंबना वाटली.

तरीसुद्धा हे पत्र काही घराघरांत जाणारं नव्हतं. बात तिथेच विरली असती. पण कुणीतरी ते चित्र जामा मशिदीच्या भिंतीवर डकवलं. आजच्या क्रॉफर्ड मार्केटजवळची ती मशीद, म्हणजे ऐन गर्दीची जागा. छापणारा एक, डकवणारा दुसरा, आणि बघणारे हजारो. फॉरवर्ड म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. नमाजानंतर जमलेला जमाव रस्त्यावर उतरला. राग पत्रावर होता, पण मार बसला तो पारशी दिसेल त्याला. दुकानं फुटली, घरांवर हल्ले झाले, रस्त्यानं चाललेली माणसं झोडपली गेली. ज्यांनी ते पत्र कधी हातात धरलं नव्हतं त्यांनाही सोडलं नाही. पुढचे काही आठवडे शहरात तणाव राहिला. संपादकाला माफी मागावी लागली. शेवटी दोन्ही समाजांतल्या प्रमुख मंडळींना एकत्र बसवून समेट घडवण्यात आला.

इथे दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि दोन्ही धरून ठेवायला जरा जड जातात. ज्यांच्या श्रद्धेला धक्का बसला त्यांचं दुःख खरं होतं. आणि ज्या गरीब पारशाचं दुकान फुटलं त्याचा त्या चित्राशी काही संबंध नव्हता, हेही खरं होतं. अशा वेळी लोक आपापली एक बाजू उचलतात आणि दुसरी दिसतच नाही असं वागतात.

रास्त बोलणारा

दादाभाई आणि त्यांच्या मित्रांना या सगळ्यात काय खटकलं? दंगल तर खटकलीच. पोलिसांनी वेळेवर हालचाल केली नाही, ही पारशांची मोठी तक्रार होती. पण त्याहून जास्त टोचली ती स्वतःच्या समाजातल्या शेठ लोकांची चुप्पी. समाजाची सूत्रं श्रीमंत शेठांच्या हातात. त्यांचे बंगले सुरक्षित, त्यांची सरकारदरबारी ऊठबस. गल्लीत राहणाऱ्या पारशाला काय भोगावं लागलं, हे सरकारला खडसावून विचारायला ते तयार नव्हते. आणि जुनी पत्रं त्या शेठांना दुखवत नव्हती.

मग करायचं काय? रस्त्यावर उतरून बदला घ्यायचा, हा एक रस्ता होता. गप्प बसायचं, हा दुसरा. या मास्तरानं तिसराच रस्ता धरला. खरशेदजी नसरवानजी कामा नावाच्या व्यापाऱ्यानं पैसा द्यायचं कबूल केलं आणि १५ नोव्हेंबर १८५१ ला, म्हणजे दंगल सुरू झाल्यापासून महिन्याच्या आत, नवं गुजराती पत्र बाहेर पडलं. संपादक दादाभाई. संपादकाला पगार नाही. सुरुवातीला अंक फुकट वाटले, म्हणजे ज्यांची बाजू मांडायची ते विकत घेऊ शकत नसले तरी वाचू शकतील.

पत्राचं नाव ‘रास्त गोफ्तार’. फारसी शब्द आहेत. रास्त म्हणजे खरं, बरोबर. गोफ्तार म्हणजे बोलणं. नाव परकं वाटलं का? तुमच्या गावातल्या रेशन दुकानावरची पाटी वाचा. रास्त भाव दुकान. तोच तो रास्त. खरं बोलणारा कागद, एवढाच त्या नावाचा अर्थ.

आता मी मास कॉमची विद्यार्थिनी म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे पत्र निःपक्षपाती म्हणून सुरू झालं नव्हतं. मार खाल्लेल्या एका समाजाची बाजू मांडायला ते निघालं होतं. मशिदीच्या भिंतीवरचं चित्र बघून कळवळलेल्या माणसाला त्यात स्वतःची व्यथा सापडली असती, असं म्हणता येणार नाही. दादाभाई देव नव्हते. आपल्या माणसांवर अन्याय झाला, म्हणून लेखणी उचलणारा तो एक तरुण होता.

पण फरक पुढे पडला. दंगल निवली, समेट झाला. बहुतेक वेळा अशा रागातून निघालेली पत्रं, संघटना, मंडळं तोच राग उगाळत बसतात, कारण राग खपतो. ‘रास्त गोफ्तार’ आधी पंधरा दिवसांनी निघायचं, ते १८५२ पासून साप्ताहिक झालं आणि त्यानं मोर्चा वळवला तो स्वतःच्याच समाजाकडे. बालविवाह, मुलींचं शिक्षण, रूढी, शेठांची मनमानी यांवर त्यात लिहिलं जाऊ लागलं. त्याच १८५१ च्या ऑगस्टमध्ये दादाभाई आणि नौरोजी फर्दुनजी वगैरे मित्रांनी पारशी धर्मातल्या सुधारणेसाठी ‘रहनुमाए मज्दयस्नान सभा’ काढली होती. सभेत जे बोलायचं तेच पत्रात. दुसऱ्यांनी आपल्यावर केलेल्या अन्यायावर लिहिणं सोपं. आपण आपल्याच घरातल्या पोरींवर करतो त्या अन्यायावर लिहिलं की मग आपलेच लोक अंगावर येतात.

ते पत्र पुढे बरीच वर्षं चाललं. तुमच्यापैकी काहींनी २०२४ मध्ये ओटीटीवर आलेला ‘महाराज’ सिनेमा पाहिला असेल. त्यातला पत्रकार करसनदास मुळजी खरा. त्याचं ‘सत्यप्रकाश’ हे पत्र पुढे याच ‘रास्त गोफ्तार’मध्ये विलीन झालं. गंमत म्हणजे भावना दुखावतील या कारणावरून या सिनेमाचं प्रदर्शनही कोर्टात काही दिवस अडलं होतं.

आकड्यांचा माणूस

१८५५ मध्ये दादाभाईंचं हुकलेलं लंडन शेवटी जमलं, पण व्यापारासाठी. कामा कुटुंबानं तिथे कंपनी काढली, तीत ते भागीदार झाले. काही वर्षांत त्यांनी ती सोडली. कारण? कंपनी अफू आणि दारूच्या व्यापारातही होती आणि ते त्यांना पटेना. १८५९ मध्ये त्यांनी स्वतःची कापसाची पेढी काढली. जोडीला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गुजराती शिकवण्याचं काम होतंच.

गणिताच्या मास्तराचं डोकं शांत बसणारं नव्हतं. भारत इतका गरीब का, हा प्रश्न त्यांनी हातात घेतला. त्यासाठी त्यांनी भाषणबाजी केली नाही. सरकारनंच छापलेले अहवाल घेतले आणि बेरजा-वजाबाक्या मांडत बसले. त्यातून निघालं की भारतातल्या माणसाचं वर्षाचं सरासरी उत्पन्न जेमतेम २० रुपये आहे. मग त्यांनी तुरुंगातल्या कैद्याच्या जेवणा-कपड्याचा खर्च काढला. तो ३४ रुपयांच्या आसपास आला. म्हणजे शेतात राबणाऱ्या माणसापेक्षा कैदी बरा! हे आकडे त्यांनी १८७० च्या दशकात मांडले. याच दशकात १८७६ ते ७८ च्या दुष्काळानं दख्खन होरपळून निघाली. दुष्काळ आला की त्याचं खापर फक्त पावसावर फोडायचं नसतं, पैसा कुठे जातो तेही बघायचं असतं, हे आपल्या जिल्ह्याला आजही लागू पडणारं गणित त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी मांडलं. १९०१ मध्ये या सगळ्याचं जाडजूड पुस्तक झालं. ‘पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया’ ते हेच.

बघा, पद्धत ‘रास्त गोफ्तार’चीच होती. अन्याय झाला असं नुसतं ओरडायचं नाही. तो कागदावर, समोरच्याला खोडता येणार नाही असा मांडायचा.

या मधल्या काळात मुंबईत जुनी जखम पुन्हा उघडली. १८७४ च्या फेब्रुवारीत पैगंबरांच्या चरित्रावरचं एक गुजराती पुस्तक निमित्त झालं. लेखक पारशी. इंग्रजी लेखक वॉशिंग्टन आयर्विंग यांच्या चरित्राचा त्याला आधार होता. पुन्हा मारहाण, पुन्हा लूट. २३ वर्षांत शहर काही शिकलं नव्हतं.

अपमानाचं काय करायचं?

दादाभाईंनी आता ब्रिटिश पार्लमेंटमध्येच शिरायचं ठरवलं. १८८६ मध्ये लंडनमधल्या हॉलबर्न मतदारसंघातून उभे राहिले आणि पडले. १८८८ मध्ये खुद्द पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनी जाहीर सभेत त्यांच्या कातडीच्या रंगावर घसरून बोललं. इंग्रज मतदार काळ्या माणसाला निवडून देणार नाहीत, असा त्याचा मथितार्थ. मजा अशी की दादाभाई चांगले गोरे होते. सॅलिसबरीच जास्त सावळे दिसतात, अशी चेष्टा इंग्लंडातल्या वर्तमानपत्रांनी केली.

पेटवायला एवढं पुरेसं होतं. पण दादाभाईंनी त्या अपमानाचा वापर करून घेतला. ज्या माणसाला कोणी ओळखत नव्हतं त्याचं नाव एका भाषणानं इंग्लंडभर झालं. त्यांनी सभा घेतल्या, कामगारांना भेटले, आयर्लंडच्या स्वराज्याच्या बाजूनं बोलले, बायकांच्या मताधिकाराच्या बाजूनं बोलले. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ते निवडून आले. मताधिक्य किती? एका हाताच्या बोटांवर मोजता येईल एवढंच. तुमच्याकडच्या ग्रामपंचायतीच्या निकालाची आठवण झाली ना? पार्लमेंटमध्ये शपथ घेताना त्यांनी बायबलऐवजी स्वतःचा अवेस्ता हातात धरला.

लाहोर, कलकत्ता

१८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल उसळली. सुरुवात पुन्हा जामा मशिदीच्या परिसरातून, पुन्हा शुक्रवारी. त्याच वर्षाच्या शेवटी लाहोरला काँग्रेसचं अधिवेशन होतं आणि अध्यक्ष होते ६८ वर्षांचे दादाभाई. तिथे त्यांनी सांगितलं की माणूस कोणत्याही धर्माचा असो, तो सगळ्यात आधी हिंदी आहे.

आपल्याला हे वाक्य गुळगुळीत झालेल्या नाण्यासारखं वाटतं. प्रतिज्ञेत रोज म्हणून म्हणून त्याचा अर्थ बोथट झालाय. पण ते कोण बोलतंय, बघा. १८५१ मध्ये ज्याच्या समाजातल्या लोकांना धर्मावरून रस्त्यात मारलं होतं, ज्यानं त्या समाजाची बाजू घेऊन पत्र काढलं होतं, तो माणूस बोलतोय. कटुता धरून बसायला त्याच्याकडे इतरांपेक्षा जास्त कारण होतं. तरी त्याचे पुढचे सोबती बघा. त्यांच्यानंतर लगेच १८८७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झालेले बद्रुद्दीन तय्यबजी मुंबईचेच, बोहरा समाजातले. दोघांनी बरोबरीनं काम केलं. १९०६ मध्ये दादाभाई तिसऱ्यांदा अध्यक्ष झाले तेव्हा त्यांचे चिटणीस होते तरुण वकील महंमद अली जिना.

१९०६ चं ते कलकत्त्याचं अधिवेशन. वय ८१. आवाज बसलेला, म्हणून भाषणाचा मोठा भाग गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वाचून दाखवला. पण शब्द दादाभाईंचे होते आणि त्यात काँग्रेसच्या व्यासपीठावरून स्वराज्याची मागणी होती. जहाल आणि मवाळ एकमेकांचं तोंड बघत नव्हते तेव्हा दोघांना चालेल असा हा एकच माणूस उरला होता. ३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

आपली भिंत

१८५१ च्या त्या गोष्टीत किती माणसं आहेत, मोजा. न विचार करता छापणारा आहे. अंधारात येऊन भिंतीवर डकवणारा आहे. दुखावला गेलेला आहे. दगड उचलणारा आहे. कारण नसताना मार खाणारा आहे. सगळं दिसत असून गप्प बसणारा शेठ आहे. आणि एक मास्तर आहे. आज आपल्या ग्रुपवर, आपल्या चौकात ही सगळी माणसं आहेत. आपल्यापैकी प्रत्येकजण त्यातला कोणी ना कोणी होतोच. फक्त कोण व्हायचं हे आधी ठरवलेलं नसतं, म्हणून गर्दी ठरवते.

दादाभाईंसारखं पार्लमेंटमध्ये जाणं सगळ्यांना जमणार नाही. पण १८५१ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी जे केलं ते २६ व्या वर्षी, नोकरी सांभाळून केलं होतं. ते आपल्या आवाक्यातलं आहे. पुढच्या वेळी असं काही चित्र फोनवर आलं की बोट फॉरवर्डकडे जायच्या आधी तीन प्रश्न विचारा: हे कुणी काढलं, कुणी पाठवलं आणि याचा मार कुणाला बसणार? उत्तर मिळालं नाही तर ते तुमच्या फोनमध्येच थांबू द्या. आणि खरोखर कुणावर अन्याय झालाय असं वाटलं, तर त्याच्याकडे जा, त्याचं ऐका, दुसऱ्या बाजूचंही ऐका, तारीख-वार-आकडे लिहून घ्या आणि मग लिहा.

कुठे लिहू, असं विचारू नका. आपल्या बहुतेक कॉलेजांत जिन्याजवळ नाहीतर लायब्ररीबाहेर भित्तिपत्रकाची एक चौकट असते. बऱ्याच ठिकाणी त्यात मागच्या गॅदरिंगचे पिवळे पडलेले कागद अजून तसेच आहेत. ते काढा आणि या आठवड्यात त्या जागी काहीतरी रास्त लावा.